मिठात आयोडीन आलं कुठून?

मिठाच्या पुडीवरचा ‘आयोडीनयुक्त’ हा शब्द आपण आता वाचतही नाही. तो तिथे यायला मात्र दीडशेहून अधिक वर्षं लागली.

गलगंड, म्हणजे गळ्यातली थायरॉइड ग्रंथी फुगण्याचा आजार, आपल्याकडे फार जुना; सुश्रुतसंहितेतही त्याचं वर्णन आहे. १८११ मध्ये फ्रान्सच्या बर्नार कुर्तुआला समुद्री शेवाळाच्या राखेत आयोडीन सापडलं. गलगंडावर जाळलेला समुद्री स्पंज देण्याची जुनी प्रथा होती. गुण त्यातल्या आयोडीनचाच असणार, हे ओळखून जिनिव्हाच्या डॉ. क्वांदे यांनी १८२० मध्ये रुग्णांना थेट आयोडीन दिलं. पण मात्रा कुणालाच ठाऊक नव्हती. काहींना त्रास झाला आणि उपाय बदनाम झाला.

थायरॉइड ग्रंथीचं काम काय, हे तेव्हा कुणालाच नीट माहीत नव्हतं. ते उमगलं एका चुकीतून. स्वित्झर्लंडमधल्या बर्नचे शल्यविशारद थिओडोर कोखर गलगंडासाठी अख्खी ग्रंथीच काढत. पुढे त्या रुग्णांची तपासणी केली, तर चेहरे सुजलेले, हालचाली आणि विचार मंदावलेले, मुलांची वाढ खुंटलेली. १८८३ मध्ये त्यांनी हे स्वतःच जाहीर केलं. स्वतःच्या हातून झालेलं नुकसान असं उघडपणे मांडणं सोपं नव्हतं. मला तरी त्यांचं हेच काम सर्वांत मोठं वाटतं. १८९१ मध्ये इंग्लंडच्या जॉर्ज मरे यांनी अशाच लक्षणांच्या ४६ वर्षांच्या एका बाईला मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचला. ती आणखी २८ वर्षं जगली. तेवढ्या काळात तिच्यासाठी ८७०हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या!

थायरॉइडमध्ये आयोडीन असतं, हे जर्मनीच्या बाउमान यांनी दाखवलं, तेव्हा कोडं सुटलं. ही ग्रंथी बनवते त्या थायरॉक्सिन या हॉर्मोनच्या प्रत्येक रेणूत आयोडीनचे चार अणू असतात. अन्नातून ते मिळालं नाही, की हॉर्मोन कमी पडतं. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूष ग्रंथी मग टीएसएच, म्हणजे थायरॉइडला चालना देणारं हॉर्मोन, वाढवून थायरॉइडला सतत हाकत राहते आणि ती ग्रंथी फुगत जाते. गळ्यावरची गाठ डोळ्यांना दिसते, म्हणून तिचीच चर्चा झाली. खरी हानी गर्भात होते: आईला आयोडीन फार कमी पडलं, तर बाळाच्या मेंदूची वाढ कायमची अधुरी राहते. नंतर कितीही औषध दिलं, तरी ती भरून निघत नाही.

स्वित्झर्लंडमध्ये १९२२ मध्ये आणि अमेरिकेत १९२४ मध्ये आयोडीनयुक्त मीठ बाजारात आलं. आपल्याकडे १९५६ पासून डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी कांगडा खोऱ्यात, तेव्हाच्या पंजाबात, मोठा प्रयोग केला. खोऱ्याचे तीन भाग पाडले. एका भागात पोटॅशियम आयोडाइड घातलेलं मीठ, दुसऱ्यात पोटॅशियम आयोडेटचं, तिसऱ्यात साधं. काही वर्षांत आयोडीन मिळालेल्या दोन्ही भागांत गलगंड स्पष्टपणे घटला, तिसऱ्यात नाही. आपल्या दमट हवेत आयोडेट जास्त टिकतं, म्हणून आज तेच वापरतात.

१९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, पण तो हिमालयाच्या पट्ट्यापुरता. पुढच्या पाहण्यांत देशाच्या इतर भागांतही कमतरता आढळली. तरीही सगळ्यांनाच आयोडीनयुक्त मीठ द्यायचं, हे ठरायला १९८०चं दशक उजाडलं. कांगड्याचे निष्कर्ष हाती असताना गेलेली ही वर्षं मला फार खटकतात. पुढे साध्या खाद्यमिठाच्या विक्रीवरची बंदी २००० मध्ये केंद्राने उठवली आणि २००६ मध्ये ती पुन्हा अमलात आली.

समुद्राचं मीठ, म्हणजे त्यात आयोडीन असणारच, असं किनाऱ्यावरच्या घरांत हमखास ऐकू येतं. तसं नाही. मिठागरातल्या खडेमिठात ते नगण्यच असतं, उपवासाच्या सैंधवातही. ते वरून घालावं लागतं: ग्राहकाच्या हाती पडताना एक किलो मिठात किमान १५ मिलिग्रॅम. मोठ्या माणसाची दिवसाची गरज १५० मायक्रोग्रॅम, गरोदर बाईची सुमारे २५०.