लॅपटॉपचा स्टार्टअप पासवर्ड काढणे

लॅपटॉप सुरू करताच, विंडोज येण्याआधी मागितला जाणारा पासवर्ड म्हणजे स्टार्टअप किंवा पॉवर-ऑन पासवर्ड. बोलीत ‘बायोस पासवर्ड’; बायोस म्हणजे विंडोजच्या आधी चालणारी, यंत्राची मूळ सेटिंग सांभाळणारी प्रणाली. हा पासवर्ड मदरबोर्डवरच्या, म्हणजे आतल्या मुख्य सर्किट-पाटीवरच्या स्मृतीत साठवलेला असतो, डिस्कवर नव्हे. त्यामुळे नागपुरात बर्डीवरच्या दुकानात लॅपटॉप ठेवून ‘फॉरमॅट मारून द्या’ म्हटले तरी तो जात नाही. डिस्क बदलूनही जात नाही.

पासवर्ड ठाऊक असेल तर काम दोन मिनिटांचे आहे. यंत्र सुरू होताना ठरलेली कळ दाबून बायोस उघडायचे: डेल, एसर, आसुसवर बहुधा एफ-२, एचपीवर एफ-१०, थिंकपॅडवर एफ-१. सिक्युरिटीच्या पानावर स्टार्टअप पासवर्ड निवडून आधी जुना लिहायचा, नव्याच्या दोन्ही चौकटींत काहीही न लिहिता एंटर द्यायचे आणि बदल सेव्ह करून बाहेर पडायचे. चौकट रिकामी सोडायची, स्पेसबारही दाबायचा नाही. शेजारी दिसणारा सुपरवायझर किंवा अ‍ॅडमिन पासवर्ड वेगळा. तो सेटिंग बदलण्यावर पहारा ठेवतो.

विसरलेल्या पासवर्डावर पहिला सल्ला हमखास मिळतो तो ‘सेल काढून ठेवा’ असा. जुन्या डेस्कटॉपपुरता तो बरोबर होता. तिथे सेटिंग सीमॉस स्मृतीत असे आणि ३ व्होल्टच्या सीआर-२०३२ बटन सेलवर टिके. सेल काढला की पासवर्ड आणि घड्याळ दोन्ही पुसले जात. आजच्या बहुतेक लॅपटॉपांत मात्र पासवर्ड विजेविना टिकणाऱ्या चिपमध्ये असतो. सेल काढून फार तर तारीख बिघडते, आणि घाईत खोललेल्या यंत्राच्या नाजूक पट्ट्या तुटतात ते वेगळेच.

मग उरतो कंपनीचा रस्ता. अनेक लॅपटॉप तीन चुकीच्या प्रयत्नांनंतर अडतात. काही मॉडेल त्या वेळी पडद्यावर एक संकेतांक दाखवतात. तो किंवा यंत्राचा अनुक्रमांक आणि खरेदीचे बिल दिल्यावर काही उत्पादक पासवर्ड उघडून देतात. थिंकपॅडचा सुपरवायझर पासवर्ड विसरल्यास अधिकृत उत्तर एकच आहे, मदरबोर्ड बदला. चिप-लेव्हल काम करणारे कारागीर बायोसची आठ पायांची चिप ‘प्रोग्रामर’ नावाच्या उपकरणाने वाचून पुन्हा लिहितात. हे खरे कसबाचे काम. चिपमध्ये त्या यंत्राचा अनुक्रमांक आणि अनेकदा विंडोजची परवाना-कळही असते, म्हणून चांगला कारागीर आधी मूळ प्रत जपून ठेवतो. दुसऱ्या यंत्राची फाइल तशीच भरली तर ही माहिती जाते. कधी लॅपटॉप सुरूच होत नाही.

कार्यालयांतून निघालेले जुने लॅपटॉप सेकंडहँड बाजारात येतात तेव्हा सुपरवायझर पासवर्ड आतच राहिलेला असू शकतो. यंत्र रोज नीट चालते, आणि पेन ड्राइव्हवरून नवी प्रणाली टाकायला गेल्यावर कुलूप कळते. पैसे देण्याआधी दुकानातच बायोस उघडून पाहावे व बिल मागावे. नागपूरच्या मिहान उद्योगक्षेत्रातल्या नोकरीत मिळालेल्या लॅपटॉपचा पासवर्ड कंपनीच्या आयटी विभागानेच काढायचा असतो. बिल मागणाऱ्या दुरुस्तीवाल्यावर चिडू नये. चोरीचे संगणक साधन जाणूनबुजून स्वीकारणे किंवा बाळगणे हा माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ६६-बी खाली गुन्हा आहे व त्याला ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

हार्ड डिस्कचा पासवर्ड ही याहून कठीण गोष्ट. तो ड्राइव्हच्याच आत असतो, त्यामुळे डिस्क दुसऱ्या लॅपटॉपला जोडली तरी कुलूप कायम राहते. बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरची माहिती कुलूपबंद करणारी विंडोजची सोय, चालू असेल तर मदरबोर्ड बदलल्यावर किंवा बायोसमध्ये ढवळाढवळ झाल्यावर विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागते. ती बहुधा मायक्रोसॉफ्ट खात्यात जपलेली असते. लॅपटॉप दुरुस्तीला देण्याआधीच ती उतरवून घ्यावी, कारण तिच्याविना डिस्कवरचे फोटो, कागदपत्रे परत मिळत नाहीत.