डीएन-४ प्रश्नावलीचे फारसी रूपांतर

नसांच्या दुखण्याची, म्हणजे चेताजन्य वेदनेची, पहिली चाळणी करणारी डीएन-४ ही दहा मुद्द्यांची प्रश्नावली आहे. ती फारसीत आणणे आणि फारसी बोलणाऱ्या रुग्णांवर ती खरी उतरते का हे पारखणे, असे या कामाचे दोन भाग. मूळ प्रश्नावली फ्रान्समध्ये दिदिए बुआसिरा आणि सहकाऱ्यांनी २००५ साली प्रसिद्ध केली. फारसी आवृत्तीची पडताळणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली.

सात मुद्दे रुग्णाला विचारायचे असतात : आग होणे, दुखरा गारठा, विजेसारखा झटका, मुंग्या येणे, टाचण्या टोचणे, बधिरपणा आणि खाज. उरलेले तीन मुद्दे डॉक्टर तपासून भरतात : दुखऱ्या जागी स्पर्श कमी कळतो का, टोचणी कमी कळते का, आणि मऊ ब्रश फिरवल्यावर दुखणे वाढते का. प्रत्येक होकाराला एक गुण. ४ किंवा अधिक गुण मिळाले तर दुखणे चेताजन्य असण्याचा संभव मोठा. फ्रेंच अभ्यासात या मर्यादेने चेताजन्य वेदनेचे सुमारे ८३ टक्के रुग्ण ओळखले आणि इतर वेदनेच्या सुमारे ९० टक्के रुग्णांना योग्यपणे वगळले.

ही चाळणी औषधासाठी महत्त्वाची आहे. मधुमेहात पायांची होणारी आग किंवा नागीण बरी झाल्यावर मागे राहणारी वेदना नेहमीच्या वेदनाशामकांना फारशी दाद देत नाही. तिथे अमिट्रिप्टिलीन, ड्युलॉक्सेटिन, प्रीगॅबालिन यांसारखी औषधे लागतात. दुखण्याची जात ओळखायला उशीर झाला की रुग्ण निरुपयोगी गोळ्या घेत राहतो.

भाषांतराची रूढ पद्धत अशी : दोन भाषांतरकार स्वतंत्रपणे काम करतात, दोन्ही मसुदे जुळवून एक केला जातो, मूळ प्रश्नावली न पाहिलेला दुसरा कोणी तो परत मूळ भाषेत आणतो, मग तज्ज्ञांची समिती आणि शेवटी थोड्या रुग्णांवर चाचणी. खरी अडचण संवेदनांच्या नावांत आहे. बोली फारसीत ‘गेझगेझ’, ‘मूरमूर’, ‘सूझनसूझन’ हे शब्द एकमेकांच्या अगदी जवळ आहेत, प्रश्नावलीला मात्र मुंग्या आणि टाचण्या वेगळ्या मोजायच्या आहेत. ‘दुखरा गारठा’ त्याहून अवघड. थंडीत सांधे दुखतात का, असा त्याचा अर्थ घेऊन रुग्ण ‘हो’ म्हणाला, तर गुण चुकीच्या जागी पडतो.

म्हणूनच चांगले भाषांतर पुरेसे नाही. ४ ही मर्यादाही नव्याने सिद्ध करावी लागते. त्यासाठी चेताजन्य आणि इतर वेदनेचे रुग्ण घेतात, तज्ज्ञांचे निदान प्रमाण मानतात आणि गुण त्याच्याशी ताडून पाहतात. काही दिवसांनी तीच प्रश्नावली पुन्हा भरून घेऊन उत्तरे टिकतात का, हेही तपासतात. तज्ज्ञांनी निदान करताना प्रश्नावलीचे गुण पाहिलेले नसावेत. ही अट ढिली पडली तर सगळे आकडे फुगतात. कमरेतून पायात उतरणाऱ्या दुखण्यासारखी संमिश्र वेदना पडताळणीत बहुधा वगळली जाते. दवाखान्यात मात्र असेच रुग्ण भरपूर येतात, त्यामुळे तिथे गुणांवर पूर्ण भिस्त ठेवता येत नाही.

फारसीचा पसाराही मोठा आहे. इराणमध्येच अनेकांची मातृभाषा अझेरी किंवा कुर्दी असते. अफगाणिस्तानात फारसीचेच दरी हे रूप बोलले जाते, तर ताजिकिस्तानातील ताजिक हे रूप सिरिलिक लिपीत लिहिले जाते. इराणी रुग्णांवर पारखलेली वाक्ये काबूल किंवा दुशान्बेतील दवाखान्यात वापरण्याआधी तिथल्या रुग्णांना त्यांतून नेमके काय कळते, हे पुन्हा तपासावे लागते.