सफर : हवेच्या गुणवत्तेचे पूर्वानुमान

पुण्यातील पाषाण येथील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने (आयआयटीएम) उभारलेली, शहरांची हवा मोजून पुढच्या दिवसांचा अंदाज देणारी यंत्रणा. 2010 साली दिल्लीतील राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धांच्या निमित्ताने ती सुरू झाली. पुढे पुणे, मुंबई आणि अहमदाबाद ही शहरे तिच्या कक्षेत आली. संस्था 1962 मध्ये हवामान खात्याचा भाग म्हणून स्थापन झाली आणि 1971 मध्ये स्वायत्त झाली. मान्सूनचा अभ्यास हे तिचे मूळ काम.

मापन : सूक्ष्म कण (पीएम 2.5) मोजणारे यंत्र ताशी 1 घनमीटर, म्हणजे मिनिटाला सुमारे 16.7 लिटर हवा ओढते. तोंडाशी हवेला भोवरा दिला जातो. त्यात 2.5 मायक्रोमीटरपेक्षा मोठे कण बाजूला पडतात आणि उरलेले काचतंतूंच्या फितीवर बसतात. फितीतून बीटा किरण (वेगवान इलेक्ट्रॉनांचा झोत) सोडतात. थर जितका जाड, तितके कमी किरण पलीकडे पोहोचतात, आणि त्यावरून कणांचे वजन कळते. गडबड बहुधा ओलाव्यामुळे होते. दमट हवेत कण पाणी शोषून जड होतात आणि आकडा फुगतो, म्हणून नळीला हीटर असतो. तो बंद पडला तर पावसाळ्यातली स्वच्छ हवाही वाईट दिसते. जास्त तापला तर कणांमधला अमोनियम नायट्रेट हा क्षार उडून जातो आणि आकडा खोटाच कमी येतो. पंपाचा प्रवाह घटला किंवा जोडात गळती असली, तर कोणत्या आकाराचे कण फितीवर येतात हेच बदलते. त्यामुळे प्रवाह आणि गळती वारंवार तपासावी लागते.

निर्देशांक : देशाचा हवा गुणवत्ता निर्देशांक (एक्यूआय) आठ प्रदूषकांवर बेतला आहे. प्रत्येकाचा उपनिर्देशांक काढतात आणि सर्वांत वाईट तोच त्या केंद्राचा निर्देशांक धरतात. प्रदूषकांची सरासरी घेत नाहीत. पीएम 2.5 साठी 60 ते 90 मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर ही पातळी 100 ते 200 या पट्ट्यात बसते. 75 हा आकडा बरोबर मध्यावर, म्हणून निर्देशांक सुमारे 150. किमान तीन प्रदूषकांची नोंद लागते, त्यांत एक तरी कणांची. कणांचा आकडा 24 तासांच्या सरासरीचा असतो, ही गोष्ट वाचकांनी पक्की लक्षात ठेवायला हवी. पहाटे शेकोट्यांचा धूर दाटला, तरी तो त्या सरासरीत विरून जातो. सकाळी फिरायला निघणाऱ्या दमेकऱ्याने तासाचे आकडे पाहावेत.

अंदाज : संगणकीय प्रारूपाला हवामान, रासायनिक प्रक्रिया आणि उत्सर्जनाची यादी, तिन्ही लागतात. यादी हा सर्वांत कच्चा दुवा. शहराचे लहान चौकोन पाडून प्रत्येकात किती वाहने, चुली, भट्ट्या, बांधकामे आहेत ते भरावे लागते. शहर वाढते तशी ही यादी शिळी होते आणि उत्तम प्रारूपही नव्या वस्तीतील धूर जुन्या चौकात दाखवते.

दिल्लीसाठी 2018 मध्ये सुरू केलेल्या पूर्वसूचना यंत्रणेत उपग्रहाने टिपलेला धूसरपणा, जमिनीवरील केंद्रांच्या नोंदी आणि पराली (कापणीनंतर शेतात उरलेले काड) जाळल्याच्या आगी गणितात घेतात. शहरापुरते चौकोनांचे जाळे 400 मीटरपर्यंत बारीक केले आहे. तरी ढग किंवा दाट धुके आले की उपग्रहाला खालचे दिसत नाही. आगी टिपणारे महत्त्वाचे उपग्रह दुपारी दीडच्या सुमारास जातात. त्यानंतर लावलेली आग बरेचदा निसटते आणि अंदाज कमी येतो.

वायुवीजन निर्देशांक हा दुसरा कळीचा आकडा : हवा जितक्या उंचीपर्यंत मिसळते, ती उंची गुणिले वाऱ्याचा वेग. दिल्लीच्या पत्रकांत 6,000 चौ.मी. प्रति सेकंदापेक्षा कमी मूल्य आणि ताशी 10 किमीपेक्षा मंद वारा धूर पांगण्यास प्रतिकूल मानतात. हिवाळ्यात 800 मीटर उंची आणि सेकंदाला 2 मीटर वारा असला, तर गुणाकार अवघा 1,600. धूर तितकाच, पण त्याला जागाच उरत नाही. दिल्ली परिसरात प्रदूषणामुळे निर्बंधांचे टप्पे लावताना हा अंदाज पाहिला जातो, त्यामुळे चूक थेट बांधकामांवर आणि ट्रकवाहतुकीवर येते.

मान्सूनशी संबंध : हेच कण सूर्यप्रकाश अडवून जमीन थंड ठेवतात, जमीन आणि समुद्र यांच्या तापमानातला फरक घटतो व मान्सूनचा जोर कमी होतो. संस्थेच्या पुढाकाराने 2020 मध्ये आलेल्या हवामानबदलाच्या अहवालानुसार 1951 ते 2015 दरम्यान मोसमी पाऊस सुमारे 6 टक्के घटला. गंगेचे खोरे आणि पश्चिम घाटात ही घट ठळक आहे. संस्थेचे पृथ्वी प्रणाली प्रारूप (वातावरण, समुद्र आणि जमीन यांचे एकत्र गणित) हवामान प्रारूपांच्या जागतिक तुलना प्रकल्पाच्या सहाव्या फेरीत सामील झाले. मात्र त्याच्या वातावरणाचा एक चौकोन सुमारे 200 किमीचा, म्हणजे त्यात सह्याद्रीची पूर्ण रुंदी बुडून जाते. म्हणून दक्षिण आशियासाठी 50 किमीच्या चौकोनांवर वेगळी गणिते केली आहेत. तेवढ्या चौकोनातही महाबळेश्वर आणि वाई एकत्र येऊ शकतात, आणि त्या दोन ठिकाणच्या पावसात कित्येक पटींचा फरक आहे.