थंडीत ऑर्गनचा सूर का उतरतो?

थंडीत धातू आकसतो, म्हणजे नळी आखूड होणार आणि सूर चढणार, असा तर्क बरेच जण करतात. पाइप ऑर्गन, म्हणजे शेकडो नळ्यांत हवा फुंकून वाजणारं चर्चमधलं मोठं वाद्य, नेमका उलटा वागतो. हे लख्ख कळतं ते फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातली लोकगीतं बाँबार्ड आणि चर्चमधला ऑर्गन मिळून वाजवतात तेव्हा.

बाँबार्ड सनईच्या कुळातलं: शंकूसारखी नळी, टोकाला दुहेरी पत्ती. त्याला दम आणि ओठांचा जोर इतका लागतो की वादक एक ओळ वाजवून पुढच्या ओळीला थांबतो. ती ओळ परंपरेने बिनिऊ ही छोटी बॅगपाइप उचलते. चर्चमध्ये हे काम ऑर्गन करतो.

आता खरी गंमत. ऑर्गनच्या बहुतेक नळ्या शिट्टीच्या तत्त्वावर वाजतात. त्यांचा सूर नळीच्या लांबीवर आणि आतल्या हवेतल्या ध्वनिवेगावर ठरतो. हा वेग निरपेक्ष तापमानाच्या (केल्विनमध्ये मोजलेल्या, म्हणजे सेल्सिअस अधिक 273) वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. 20 अंश सेल्सिअसला तो सेकंदाला सुमारे 343 मीटर, तर 10 अंशांना 337. म्हणजे 293 केल्विनवरून 283 वर आलो की वारंवारता (सेकंदाला होणारी कंपनं, ती हर्ट्झमध्ये मोजतात) 0.983 पट होते आणि 440 हर्ट्झचा सूर 432 वर उतरतो. धातूच्या आकसण्याने होणारा बदल याच्या साठाव्या हिश्शाइतकाही नसतो.

432 हर्ट्झ ही ‘विश्वाची नैसर्गिक वारंवारता’ असून तिने आजार बरे होतात, असा प्रचार सर्रास चालतो. त्याला कसलाही आधार नाही. हर्ट्झ मोजायचा तो सेकंदावर, आणि सेकंद माणसाने ठरवलेला. शिवाय ऑर्गनची तीच नळी ऋतूप्रमाणे 432 ही देते आणि 440 ही.

बाँबार्डमधली हवा मात्र वादकाच्या श्वासाने गरम राहते, म्हणून त्याचा सूर तितका उतरत नाही. एक 440 वर, दुसरा 432 वर असेल तर आवाज सेकंदाला आठ वेळा कमी-जास्त होऊन थरथरतो. शेकडो नळ्यांचा ऑर्गन ऐनवेळी जुळवता येत नाही. त्यामुळे जुळवून घ्यायचं ते बाँबार्डनेच. वादक पत्ती किंचित बाहेर ओढतो, नळीची लांबी वाढते, सूर उतरतो. पण सगळे सूर सारखे उतरत नाहीत. वरच्या सुरांना वाजणारी नळी आखूड असते, त्यामुळे वाढलेला तेवढाच मिलिमीटर त्यांना जास्त खाली खेचतो. हा फरक वादकाला प्रत्येक सुरागणिक ओठांच्या दाबाने भरून काढावा लागतो.