अलिबागचा बाण

अलिबागच्या किनाऱ्यावर होकायंत्र हातात धरलं की काटा उत्तर दाखवतो आणि आपलं तेवढ्यावर समाधान होतं. पण चुंबकसूची कुठल्याही दिशेला मोकळेपणी फिरू शकेल अशी टांगली, तर ती उत्तरेकडे वळतेच, शिवाय नाक खाली करून साधारण २६ अंशांनी जमिनीकडे झुकते. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र तिथे असं तिरकं आहे. हवेचं तापमान सांगायला एक आकडा पुरतो. क्षेत्राच्या या बाणाला तीन लागतात, कारण त्याला जोरही आहे आणि दिशाही. असल्या राशीला सदिश म्हणतात.

तीन आकडे कोणते घ्यायचे, हे मात्र आपल्या हातात असतं. उत्तरेकडे किती, पूर्वेकडे किती आणि खाली किती, असं सांगता येईल. ही कार्टेशियन पद्धत. किंवा आडवा जोर किती, तो उत्तरेपासून किती अंश वळला आहे आणि खालचा जोर किती, असं सांगता येईल. ही दंडगोलीय. तिसरी गोलीय : एकूण जोर आणि दोन कोन. बाण तोच राहतो, बदलतात ते फक्त आकडे, म्हणजे त्याचे घटक. अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेच्या नोंदी परंपरेने दुसऱ्या पद्धतीच्या आहेत. आडवा जोर सुमारे ३८ हजार नॅनोटेस्ला (हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक), उत्तरेपासूनचा कोन एका अंशाहूनही कमी.

ही वेधशाळा आधी मुंबईत, कुलाब्याला होती. तिथे १८४१ पासून चुंबकीय मोजमापं चालत. मुंबईत विजेवर चालणारी ट्राम येणार हे दिसू लागलं तेव्हा संचालक नानाभाई मूस यांच्या काळात ती अलिबागला हलवली. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षं दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे जुनी आणि नवी मालिका नीट जोडता यावी. ट्राम धावली १९०७ मध्ये. मला या दोन वर्षांच्या धीराचं फार अप्रूप वाटतं.

ट्रामची एवढी धास्ती का? सरळ तारेतून प्रवाह गेला की तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्र वर्तुळाकार उभं राहतं. हे कार्टेशियन पद्धतीने लिहायला बसा. छेदात वर्गांची बेरीज येते, एका घटकाला उणे चिन्ह लागतं, दुसऱ्याला नाही, आणि त्या गर्दीत वर्तुळ कुठे दिसतच नाही. आता तारेलाच अक्ष माना. तीन घटकांपैकी दोन शून्य होतात आणि उरलेला एक अंतराच्या व्यस्त प्रमाणात घटतो. बस, संपलं. १०० अँपिअरच्या प्रवाहाचं क्षेत्र १०० मीटरवर २०० नॅनोटेस्ला आणि एक किलोमीटरवर २०. शांत दिवशी अलिबागच्या आडव्या घटकात होणारी चढउतार शंभराच्या आतली असते, म्हणजे जे मोजायचं तेच बुडून जाणार. तारेतून गेलेला प्रवाह रुळांतून परततो, तेव्हा दोघांची क्षेत्रं बरीचशी एकमेकांना खोडतात हे खरं. पण रुळांतून जमिनीत झिरपलेला प्रवाह कोणत्या वाटेने परतेल याचा नेम नसतो.

इंजिनिअरिंगची मुलं अडखळतात ती याच्या पुढच्या पायरीवर, आणि तिथे रेंगाळायलाच हवं. अलिबागची ‘उत्तर’ आणि लंडनची ‘उत्तर’ अवकाशात एकाच दिशेला नाहीत, ‘खाली’ तर नाहीच नाही. कार्टेशियन पद्धतीत अक्ष सगळीकडे समांतर असतात. दंडगोलीय आणि गोलीय पद्धतीत मात्र जागा बदलली की दिशादर्शक बाणही वळतात. म्हणून दोन ठिकाणचे घटक नुसते एकमेकांतून वजा केले तर उत्तर चुकतं. डायव्हर्जन्सच्या, म्हणजे एखाद्या बिंदूतून क्षेत्र किती बाहेर सांडतंय हे मोजणाऱ्या राशीच्या, गोलीय सूत्रात त्रिज्येचा वर्ग येतो. मुलं तो पाठ करतात. पण तो आकाशातून पडलेला नाही. केंद्रापासून दुप्पट लांब गेलं की गोलाचं क्षेत्रफळ चौपट होतं, तेच क्षेत्रफळ त्या वर्गात बसलेलं आहे. हे एकदा दिसलं की पाठांतर उरत नाही.

पृथ्वी गोल आहे, तेव्हा सबंध पृथ्वीच्या क्षेत्रासाठी गोलीय पद्धतच हवी. जर्मन गणितज्ञ गाऊसने १८३९ साली तेच केलं. उगम पृथ्वीच्या पोटात असेल तर क्षेत्र केंद्रापासून दूर जाताना घटतं, उगम बाहेर असेल तर वेगळं वागतं, आणि हा फरक जमिनीवरच्या आडव्या व उभ्या घटकांच्या नात्यात उमटतो. देशोदेशीची मोजमापं या साच्यात बसवून त्याने दाखवलं, की जवळजवळ सगळं क्षेत्र आतूनच येतं. पृथ्वीत विहीर न खणता.

वीज आणि चुंबकत्व यांचे नियम एकत्र मांडणाऱ्या मॅक्सवेलच्या १८६५ च्या लेखात २० समीकरणं होती, कारण बहुतेक राशींच्या प्रत्येक घटकाला स्वतंत्र ओळ लागे. ती सदिशांच्या भाषेत आणून चारांवर आवरली ऑलिव्हर हेविसाइडने. हा एके काळचा तारयंत्र चालवणारा, कॉलेजची पायरी न चढलेला माणूस. त्या चार ओळींत अक्षांचा उल्लेखच नाही. अक्ष आपण नंतर आणायचे, समोरच्या आकाराला शोभतील असे. त्यांत कर्ल नावाची राशी येते : क्षेत्र एखाद्या बिंदूभोवती किती गरगरतंय याचं माप. प्रवाह वाहतो तिथे चुंबकीय क्षेत्राला कर्ल असतो.

चुंबकीय वादळ येतं तेव्हा हीच गोष्ट अवाढव्य आकारात घडते. पृथ्वीपासून काही त्रिज्यांच्या अंतरावर, विषुववृत्तावरच्या अवकाशात, तिच्याभोवती पश्चिमेकडे वाहणारा प्रवाह बळावतो. उजव्या हाताची बोटं पूर्वेकडून पश्चिमेकडे पृथ्वीभोवती वळवून पाहा, अंगठा, म्हणजे वर्तुळाच्या आतल्या क्षेत्राची दिशा, दक्षिणेकडे जातो. या प्रवाहाचं क्षेत्र आपल्या उत्तरेच्या बाणाविरुद्ध उभं राहतं आणि आडवा घटक घटतो. २ सप्टेंबर १८५९ रोजी कुलाब्याला उपकरणावर डोळे लावून बसलेल्या माणसांनी तो सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी कोसळताना पाहिला आणि लिहून ठेवला. त्यातला किती वाटा या प्रवाहाचा आणि किती ध्रुवीय प्रकाशाबरोबर येणाऱ्या प्रवाहांचा, यावर त्याच आकड्यांवरून आजही वाद चालतो.