मांजर पकडणारी तार

२०२३च्या डिसेंबरात टेटर्स नावाचं एक मांजर नासाच्या ‘सायकी’ यानातून पृथ्वीवर उतरलं. म्हणजे त्याचा पंधरा सेकंदांचा व्हिडिओ लेझरवर स्वार होऊन आला. अंतर ३ कोटी १० लाख किलोमीटर, वेग सेकंदाला २६७ मेगाबिट. बातम्यांत मांजराचं कौतुक झालं, वेगाचं झालं, ‘आमच्या वायफायपेक्षा बरं’ असे विनोदही झाले. पण तो लेझर इथे पोहोचेपर्यंत शेकडो किलोमीटर रुंद पसरलेला असतो. कॅलिफोर्नियातल्या पालोमार वेधशाळेच्या ५ मीटरच्या दुर्बिणीच्या वाट्याला त्यातले मोजकेच फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, येतात. ते टिपले कशानं, हे मी वाचलेल्या एकाही बातमीत नव्हतं.

ते टिपले अतिसंवाहक तारांनी, म्हणजे खूप थंड केल्यावर वीज विनारोध वाहू देणाऱ्या तारांनी, आणि खरी गंमत तिथेच आहे.

साधा कॅमेरा इथे का चालत नाही, ते आधी पाहू. सिलिकॉनमधला इलेक्ट्रॉन मोकळा करायला सुमारे १.१ इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा लागते. या लेझरची तरंगलांबी १५५० नॅनोमीटर, म्हणजे एका फोटॉनकडे असतात फक्त ०.८. तो सिलिकॉनमधून सरळ आरपार निघून जातो. अतिसंवाहकाचं तसं नाही. अतिथंड अवस्थेत त्यातले इलेक्ट्रॉन दोन-दोनच्या जोड्यांनी, ‘कूपर जोड्यां’नी, विनारोध वाहतात आणि अशी जोडी फोडायला इलेक्ट्रॉनव्होल्टचे काही हजारांश भाग पुरतात. एकटा फोटॉन शेकडो जोड्या फोडू शकतो.

२००१ साली मॉस्कोत ग्रिगोरी गोल्ट्समन आणि सहकाऱ्यांनी हेच हेरलं. निओबियम नायट्राइडचा काही नॅनोमीटर जाडीचा थर घ्यायचा आणि त्यातून जेमतेम शंभर-दोनशे नॅनोमीटर रुंदीची पट्टी कोरायची. (केसाची जाडी सत्तर-ऐंशी हजार नॅनोमीटर.) आजच्या शोधकांत, म्हणजे फोटॉन टिपणाऱ्या अशा उपकरणांत, ही पट्टी नागमोडी असते, म्हणजे थोड्या जागेत जास्त फोटॉन सापडतात. ती काही केल्विनपर्यंत, म्हणजे निरपेक्ष शून्याच्या जवळ, थंड करायची आणि तिच्यातून विजेची धारा सोडायची. किती? अतिसंवाहकता मोडेल त्याच्या किंचित कमी.

आता फोटॉन आदळतो. त्या जागी जोड्या फुटतात आणि एक इवलासा तापलेला ठिपका तयार होतो. ऐन संध्याकाळी लक्ष्मी रोडवर मधोमध रिक्षा बंद पडली की गाड्या दोन्ही कडांनी घुसतात आणि कडाही तुंबतात, तसंच इथे होतं. धारा ठिपक्याला वळसा घालून कडांकडे सरकते, तिथली घनता मर्यादा ओलांडते आणि पट्टीची सगळी रुंदी क्षणात साधी, रोध असलेली तार होऊन बसते. शून्याचा रोध हजारो ओहमवर जातो. अडलेली धारा शेजारच्या प्रवर्धकाकडे (अ‍ॅम्प्लिफायरकडे) वळते आणि पडद्यावर एक खणखणीत स्पंद उमटतो. एक फोटॉन मोजला गेला! (मर्यादा नेमकी कशी ओलांडली जाते, त्यात चुंबकीय भोवऱ्यांचाही हात असतो. पण त्यात शिरलो तर बाहेर पडणं कठीण.)

ठिपका झटकन थंड होतो, धारा मात्र सावकाश परतते. कारण जोड्यांनाही जडत्व असतं. त्यातून येणाऱ्या गतिज प्रेरकत्वामुळे, म्हणजे धारेतल्या बदलाला होणाऱ्या विरोधामुळे, परतायला दहा-वीस नॅनोसेकंद जातात. धारा घाईनं परत आणली, तर ठिपका निवायच्या आत पुन्हा तापतो, तार तापलेलीच राहते आणि शोधक आंधळा होतो. वेग हवा असेल तर हा तोल सांभाळावाच लागतो. स्पंद केव्हा उमटला हे मात्र पिकोसेकंदांच्या अचूकतेनं कळतं. टेटर्स इथवर आला तो याच जोरावर, कारण त्या लेझरमध्ये माहिती उजेडाच्या तीव्रतेत नव्हती, तर स्पंद कोणत्या क्षणी आला यात होती.

अतिसंवाहक म्हटलं की ‘वीज फुकट वाहणार’ एवढंच ऐकू येतं. २०२३च्याच जुलैत साध्या तापमानालाच अतिसंवाहक असल्याचा दावा झालेल्या एलके-९९ नावाच्या खड्यावरून केवढा गहजब झाला! महिन्याभरात तो फुगा फुटला. ‘क्वांटम’ लॉकेटं विकणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको. त्यांना थंड करायची गरजच पडत नाही. इथे अतिसंवाहकतेचा उपयोग ती टिकण्यात जेवढा, तेवढाच ती मोडण्यात आहे.

क्वांटम संगणकात हीच मोडतोड दोन्ही बाजूंनी भेटते. २०२०मध्ये चीनच्या ‘जिउझांग’ या प्रकाशावर चालणाऱ्या यंत्रानं आपले फोटॉन मोजायला असेच शंभर शोधक वापरले. उलट अतिसंवाहक क्युबिट (क्वांटम संगणकातला माहितीचा मूळ घटक) असलेल्या संगणकात जोडी फुटणं म्हणजे घात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेनं (टीआयएफआर) आणि डीआरडीओच्या पुण्यातल्या प्रयोगशाळेनं २०२४मध्ये सहा क्युबिटचा प्रोसेसर चाचणीपर्यंत नेला, तो याच जातीचा. अशा चिप केल्विनच्या काही शतांश तापमानावर ठेवतात, तरी अवकाशातून येणाऱ्या वैश्विक किरणातला एखादा कण चिपमधून गेला की असंख्य जोड्या फुटतात आणि अनेक क्युबिट एकदम चुकतात. एकटी चूक दुरुस्त करायच्या युक्त्या आहेत, पण एकगठ्ठा चुकांपुढे त्या थिट्या पडतात. म्हणून काही गटांनी अतिसंवाहक परिपथ इटलीत ग्रान सास्सो डोंगराखालच्या प्रयोगशाळेत नेऊन शिशाच्या आवरणात तपासले. खडकाखाली हे झटके कमी झाले.