वर्गणीची वही: आडवी लिहावी की उभी?

आमच्या इंदूरच्या गणेश मंडळाची वर्गणीची वही अजून हातानेच भरली जाते. एका ओळीत नाव, मोहल्ला, रक्कम, तारीख. माणूस दारात उभा असताना हीच मांडणी सोयीची. पण अनंत चतुर्दशी उलटून खजिनदार काका हिशेबाला बसले, की त्यांचं बोट फक्त रकमेच्या रकान्यावरून सरसर खाली येतं. नावं-मोहल्ले तेव्हा त्यांच्या खिजगणतीतही नसतात.

संगणकाला असं बोट नाही. त्याची मेमरी म्हणजे एकच लांबलचक पट्टी. त्यात ओळीमागून ओळ भरली, तर दोन रकमांच्या मध्ये कुणाचं तरी नाव आणि मोहल्ला येतोच. शिवाय बहुतेक प्रोसेसर मेमरीतून एकेक आकडा उचलत नाहीत, ६४ बाइटांचा घास घेतात. एक ओळ १०० बाइटांची धरली, तर १००० रकमांसाठी निदान १००० घास लागतात. त्याच रकमा प्रत्येकी ४ बाइटांत, एकापुढे एक ठेवल्या तर सगळं ६३ घासांत आटोपतं. रकानेवार साठवणीचं गुपित एवढंच.

खरी गंमत मात्र वही दुसऱ्याला देताना होते. गेल्या वर्षी भाच्याने यादी पायथन या प्रोग्रामिंग भाषेत केली, पुतणीला तक्ते आर भाषेत काढायचे होते. मध्ये निरोप्या म्हणून सीएसव्ही फाइल, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेला साधा मजकूर. तिकडे ५/९ ही तारीख ९ मे झाली आणि गणपती उन्हाळ्यात आले! साध्या मजकुराच्या फाइलला तारीख कुठली नि आकडा कुठला, हे सांगायची सोयच नसते. वर ५०१ हा आकडा आधी पाच, शून्य, एक अशा चिन्हांत फोडायचा आणि पलीकडे पुन्हा जुळवायचा. लाखो नोंदी असल्या की पाठवण्यापेक्षा या दुभाष्यालाच जास्त वेळ लागू शकतो.

२०१६ साली जाहीर झालेल्या अपाची ॲरो या सॉफ्टवेअर प्रकल्पाने दुभाष्यालाच रजा दिली. रकाने मेमरीत कसे मांडायचे हे एकदाच ठरवायचं आणि तीच मांडणी जशीच्या तशी पाठवायची. आधी आराखडा जातो: रकान्याचं नाव काय, प्रकार कोणता. मग नोंदींचे गठ्ठे. प्रत्येक गठ्ठ्यावर चिठ्ठी असते, कुठला भाग कितव्या बाइटला सुरू होतो आणि किती लांब आहे याची. घेणारा चिठ्ठी वाचतो आणि थेट त्या जागी जातो. दोन्ही प्रोग्राम एकाच संगणकावर असतील, तर मेमरी वाटून घेऊन नक्कल करणंही टाळता येतं.

आकड्यांचं ठीक, ते सारख्या मापाचे. मोहल्ल्यांची नावं लहान-मोठी असतात, त्यांचं काय? मला सगळ्यात आवडलेली युक्ती इथेच आहे. छावणी, राजवाडा, पलासिया ही नावं मध्ये जागा न सोडता चिकटवून लिहायची: छावणीराजवाडापलासिया. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-वेलांटीसुद्धा, युटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत ३ बाइट घेतं. म्हणजे छावणी १५, बाकीची दोन्ही २१-२१. शेजारी दुसरी पट्टी: ०, १५, ३६, ५७. दुसरं नाव हवंय? १५ पासून ३६ च्या आधीपर्यंत वाचा. स्वल्पविराम नको, अवतरणचिन्ह नको. नावातच स्वल्पविराम असला तरी रकाना सरकत नाही.

कुणी शून्य रुपये दिले आणि कुणाची नोंदच झाली नाही, यांतला फरकही वेगळ्या पट्टीत राहतो. दर नोंदीला एक बिट, असेल तर १, नसेल तर ०. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे हजार घरांची हजेरी १२५ बाइटांत!

आता दारावर वर्गणी घेताना ही मांडणी कामाची नाही. एक नाव वाढलं की प्रत्येक रकान्याच्या शेपटीला हात लावावा लागतो. वर्षानुवर्षं डिस्कवर ठेवायचं असेल, तर रकानेवारच पण जास्त दाबून बसवलेलं पार्के हे फाइलचं स्वरूप बरं पडतं.

आणि एक गोम आहे. चिठ्ठीवर भरवसा ठेवून थेट उडी मारायची, तर चिठ्ठी खरी हवी. मोहल्ल्यांच्या आकड्यांच्या पट्टीचंही तेच: तिथे ५७ च्या जागी कुणी ५७०० लिहिलं, तर प्रोग्राम पलासियाच्या पुढे भलत्याच मेमरीत जाऊन वाचू लागेल. म्हणून अनोळखी ठिकाणाहून आलेल्या गठ्ठ्यातले हे आकडे आधी तपासून घेतात. त्यात थोडा वेळ जातो, पण दुभाष्याइतका नाही.